अनुभव धागा: ‘युक्तिवाद कमकुवत करा’ हे प्रश्न कसे सोडवता?

पुतण्या सांगलीत क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. १२० प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क वजा. ‘कोणतं विधान युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करतं’ आलं की दोन पर्यायांत अडकून बसतो. यातून गेलेल्यांनी लिहा. क्लासच्या जाहिराती नकोत.

विश्रामबागकर: अडकतो म्हणजे निष्कर्ष नेमका पकडलेला नसतो. मी मुलांना हा प्रश्न देतो: ‘मार्केट यार्डात यंदा हळदीची आवक घटली, म्हणजे शेतकऱ्यांनी लागवड कमी केली.’
अ) दुसऱ्या जिल्ह्यातही आवक घटली.
ब) दर चढतील म्हणून अनेकांनी माल घरीच ठेवलाय.
क) हळदीला खर्च फार येतो.
उत्तर ब. आवक घटली हे मान्यच, पण लागवड तेवढीच राहूनही ती घटू शकते. क तर उलट निष्कर्षालाच हात देतो. हुशार पोरं अ वर घसरतात, कारण त्यात आवक हा शब्द आहे.

कृष्णाकाठ: दिलेली माहिती खोटी पाडायची नसते, हेच आमच्याकडे पचत नाही. अभ्यासिकेत एकदा ‘धरण भरलं तेव्हाच पूर आला, म्हणजे धरणामुळेच आला’ असा प्रश्न निघाला. उत्तर सरळ होतं: पाणलोटात अतिवृष्टी झाली, त्यामुळे धरणही भरलं आणि नदीही चढली. पण २०१९ च्या पुरात ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी गेलं ती पोरं ऐकतायत होय! आलमट्टी धरण, कोयना धरण, विसर्गाचे आकडे, सगळं निघालं. चहा गार झाला, पर्याय कुणी वाचलेच नाहीत.

पोवईनाका: साताऱ्यातून एमबीए सीईटी दिली. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह नाही. एवढं चिरत बसायला वेळ कुठाय? खूण करा, पुढे व्हा.

विश्रामबागकर: सीईटीला चालेल. क्लॅटला पाव मार्क जातो, साहेब.

मिरजजंक्शन: ‘बहुतेक’, ‘काही’, ‘सगळे’ यांवर पेन्सिल फिरवायची. ‘बहुतेक दुकानदार तोट्यात आहेत’ याला ‘काही फायद्यात आहेत’ने धक्का लागत नाही. ‘सगळे’ असतं तर एकानेही पुरलं असतं. आणि युक्तिवाद पार आडवा करायची गरज नाही, चारांत जो जास्त हलवतो तो घ्या.

धागाकर्ती: पुतण्याने हळदीला क लावला. म्हणे, खर्चाचं काकांकडून रोज ऐकतो! ‘खालीलपैकी एक वगळता सर्व कमकुवत करतात’ यात काय शोधायचं?

मिरजजंक्शन: जो कमकुवत करत नाही तो. तो बळ देणाराच असेल असं नाही, नुसता असंबद्धही चालतो. कमकुवत करणारे तीन आधी खोडायला सांगा.