लग्नपत्रिकेच्या छपाईची किंमत रंगांवर ठरते

'पत्रिका कमी छापल्या की खर्च तेवढ्याच प्रमाणात कमी होतो' असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय, ते पटलं नाही. स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छपाई) असो वा ऑफसेट (प्लेटवरून यंत्राने छपाई), प्रत्येक रंगाची स्क्रीन किंवा प्लेट वेगळी लागते आणि तो खर्च १०० प्रतींना आणि ३०० प्रतींना सारखाच पडतो. खरी बचत रंग कमी करण्यात आहे. मागच्या वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही मुंबईत गिरगावात कांदेवाडीच्या पत्रिका बाजारात गेलो होतो. तयार कार्ड घेतलं, गणपती त्यावर आधीच सोनेरी छापलेला होता, आतला मजकूर फक्त एका मरून रंगात करून घेतला. चार रंगांच्या कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं, आणि पत्रिका खरंच देखणी दिसत होती.

संख्या काढताना माणसं मोजू नका, घरं मोजा. आमची ४०० माणसांची यादी १४० घरांवर आली. वर १५-२० जास्तीच्या घ्याच, कारण नंतर तेवढ्याच पुन्हा छापायच्या तर स्क्रीनचा खर्च परत भरावा लागतो. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या, निमंत्रकांच्या नावांचा क्रम आणि मुहूर्ताची वेळ बोट ठेवून. आमच्या आत्याचं नाव राहिलं होतं, प्रूफवरच माझ्या आईला दिसलं. छापून झाल्यावर कळलं असतं तर पैशांपेक्षा आत्याचं मन जास्त दुखलं असतं.