घराजवळचं रान : शनिवार-रविवारच्या भटकंतीचे अनुभव

गडकिल्ल्यांवर भरपूर लिहून झालंय. इथे अशा जागा येऊ द्या जिथे जायला रजा टाकावी लागत नाही आणि दुपारच्या जेवणाला माणूस घरी असतो. टेकडी, तळं, खाडी, बाग, काहीही चालेल. फक्त 'मस्त आहे, नक्की जा' एवढ्यावर सुटका करून घेऊ नका. कुठल्या महिन्यात गेलात आणि काय दिसलं, तेही सांगा.

टेकडीकर, पुणे
वेताळ टेकडी. सगळे पावसाळ्यात हिरवळ बघायला येतात, माझं मत मे महिन्याला. लोक हसतात, हसू देत. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो तो तेव्हाच. आधी दोन सुरांची शीळ ऐकू येते, मग पाचोळा उडताना दिसतो आणि त्या पाचोळ्यात हिरवा-निळा-लाल असा हा गडी उड्या मारत किडे शोधत असतो. जागचं हलायचं नाही, तो आपणहून जवळ येतो.
फेब्रुवारीत टेकडी गुलाबी होते ती उंदीरमारीच्या फुलांनी. फोटो छान येतात, पण हे झाड बाहेरून आणून लावलेलं, आणि ते दाट माजलं की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. त्याच दिवसांत जरा उघड्या उतारावर बघा. एक पान नसलेल्या गणेरीवर पिवळीधमक फुलं असतात. सालई, मेडशिंगीही अजून टिकून आहेत. जुन्या दगडखाणीच्या बाजूला सकाळी लवकर गेलात तर मोर ठरलेला.

बोरिवलीचा पक्का
राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात कान्हेरीला जा, आणि लेण्यांत शिरण्याआधी पायाखाली बघा. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यांच्या दारांशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी. वरच्या खडकात बोटभर-वीतभर पन्हळी कोरल्यात. जोराची सर आली की पाणी त्यांतून वळणं घेत बरोबर टाक्यात उतरतं. भिक्षूंनी केलेली सोय अजून चालू आहे, हे छत्री घेऊन उभं राहून बघण्यासारखं आहे.
कारवी मात्र आता विसरा. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०२४ ला फुलून गेली, आता थेट २०३२.

चिंचबोर
कान्हेरीला तिखटमीठ लावलेली काकडी घेतलीत तर तिथेच उभ्या उभ्या संपवा. माकडांना द्यायची नसतेच, पण ती विचारत नाहीत.

लेकीची आई, सायन
आमचं धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठीच्या काठी पूर्वी शहराचा कचरा टाकायची जागा होती, त्यावर झाडं लावून १९९४ ला उद्यान खुलं झालं. बाहेर हॉर्न चालूच असतात. सदतीस एकरांत काय बघायचं, असं नवऱ्याला वाटायचं. तिथे लेकीला कळलं की पानावरची पक्ष्याची शीट कधीकधी शीट नसते, मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते. घरी आल्यावर गॅलरीतल्या कढीपत्त्यावर तसलीच एक सापडली. तेव्हापासून फोडणीला कढीपत्ता बाजारातून आणावा लागतो.

गोदाकाठ
निफाडकडचे असाल तर नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साठत गेला आणि पाणथळ तयार झालं. २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं मानलेलं पाणथळ, ठरलं ते हेच. डिसेंबर-जानेवारीत जा. निफाडची थंडी आहे, कानटोपी विसरू नका. गावातली पोरं दुर्बीण लावून पक्षी दाखवतात, त्यांना नक्की घ्या. लांबून नुसते काळे ठिपके दिसतात ते त्यांच्या दुर्बिणीत थापट्या आणि चक्रवाक होतात.

परदेशस्थ, न्यू जर्सी
इथे डेलावेअर-रॅरिटन कालव्याची वाट. १८३० च्या दशकात कालवा खणला, काठावरून खेचरं कोळशाच्या बोटी ओढायची. आता तीच वाट चालणाऱ्यांची. सपाट असल्यामुळे भारतातून आलेल्या सासऱ्यांना फार आवडली. ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं मोजणं आणि मोठ्या निळ्या बगळ्याला 'आपल्या राखी बगळ्याचा थोरला भाऊ' म्हणणं हा त्यांचा उद्योग.
उन्हाळ्यात गवतात मात्र शिरू नका. इथली गोचीड खसखशीएवढी बारीक असू शकते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. फिकट पँट, ती मोज्यांत खोचलेली, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासायचं. सासूबाईंना आधी हसू आलं. आता दारातच सगळ्यांची झडती त्या घेतात.

मूषक
सगळं ठीक. टेकडीवर स्पीकर लावून येणाऱ्यांचं काय करायचं?

टेकडीकर, पुणे
'इथे घुबड बसलंय, जरा बंद करता का' म्हणायचं. बहुतेक जण करतात, आणि पाच मिनिटं वर बघतही राहतात. घुबड बहुधा नसतं.

सुमन
आईला चाकाच्या खुर्चीतून न्यायचंय. टेकड्या बाद. पुण्यात काही आहे का?

टेकडीकर, पुणे
सुमनताई, एम्प्रेस गार्डन. वाटा मातीच्या पण बऱ्याचशा सपाट, झाडं जुनी आणि उंच, त्यामुळे अकरालाही सावली मिळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस टाळा, खुर्ची वळवायला जागा उरत नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस जाऊ द्या, चाकं रुततात.