चिचेवा: 'म्वाज़ूका ब्वांजि?' आणि रोजच्या बोलण्यातले इतर शब्दप्रयोग

टीपकागद
कामासाठी मलावीत, ब्लँटायरला जायचं आहे. तिथल्या चिचेवा भाषेतल्या वाक्यांची यादी हाताशी आहे. तिच्यात 'सुप्रभात'साठी 'म्वाज़ूका ब्वांजि' आणि 'कसे आहात'साठी 'मूलि ब्वांजि' दिलंय. दोन्हींत 'ब्वांजि' आहे, मग सुप्रभातही प्रश्नच का? आणि कुठे 'मु', कुठे 'म्वा', कुठे 'उ', हे काय आहे? कुणी फोड करून सांगाल का?

शब्दखुणा
हो, प्रश्नच आहे. 'ज़ूका' म्हणजे झोपेतून उठणं, 'ब्वांजि' म्हणजे कसं. 'मु' (तुम्ही) आणि 'आ' (क्रिया पुरी झाल्याची खूण) मिळून 'म्वा' होतं. म्हणजे 'कसे उठलात?' उत्तरात 'न्दि' (मी) + 'आ' = 'न्दा'. म्हणून 'न्दाज़ूका ब्वीनो, काया ईनु?' अर्थात 'बरा उठलो, आणि तुम्ही?' बाई बोलत असल्या तरी रूप हेच, कारण क्रियापदाला लिंग नाही.

इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. कानावर 'म्वाज़ूका' पडतं आणि तोंडून तेच परत जातं, 'म्वाज़ूका ब्वीनो'. याचा अर्थ 'तुम्ही बरे उठलात' असा होतो. दुसरी चूक म्हणजे 'काया ईनु' गाळणं. समोरच्याला उलट विचारल्याशिवाय अभिवादन पुरं होत नाही. दुकानातही आधी एवढी देवाणघेवाण करायची, मग वस्तूचं नाव काढायचं. आत शिरून थेट 'साखर आहे का' विचारणं तिथे उद्धटपणाचं वाटतं.

दुपारपासून 'म्वास्वेरा ब्वांजि?' ('स्वेरा' म्हणजे दिवस घालवणं), उत्तर 'न्दास्वेरा ब्वीनो'. 'मूलि ब्वांजि?' कुठल्याही वेळी चालतं, उत्तर 'न्दीलि ब्वीनो'. सुरुवातीला ही तीन जोडवाक्यं न अडखळता यायला हवीत. यादीतलं बाकी सगळं नंतर.

मावळतीचा वारा
शब्दखुणा यांनी 'म्वा' सोडवला, मी 'मु' आणि 'उ'चं सांगतो. 'इवे / उ' म्हणजे तू, 'ईनु / मु' म्हणजे तुम्ही. आपल्यासारखंच अनेकवचन आदरासाठी वापरतात. अनोळखी माणूस, वडीलधारे, कार्यालयातले लोक यांना कायम 'मु'. मोठ्या माणसाला 'इवे' म्हणून हाक मारली तर अपमान होतो.

हाच आदर तृतीय पुरुषातही आहे, आणि तो मराठी माणसाला चटकन समजतो. 'म्वाना वाब्वेरा' म्हणजे मूल आलं, 'बाम्बो आब्वेरा' म्हणजे बाबा आले. 'वा'चा 'आ' झाला की आदरार्थी बहुवचन. हाक मारताना पुरुषाला 'बाम्बो', बाईंना 'मायि' किंवा 'आमायि', आजी-आजोबांच्या वयाच्यांना 'आगोगो'.

काळाच्या खुणा कर्त्याची खूण ('न्दि', 'मु') आणि धातू यांच्या मधे बसतात. 'न्दिकुपीता' जातोय, 'न्दिमापीता' (नेहमी) जातो, 'न्दिनापीता' गेलो, 'न्दिज़ापीता' जाईन. नकाराला पुढे 'सि': 'सिन्दिकुफूना', नको आहे. यादी पाठ करण्यापेक्षा एक धातू असा फिरवून पाहा, यादीतली निम्मी वाक्यं आपोआप उलगडतील.

ओलीसुकी
उच्चाराबद्दल कुणी बोललं नाही, तर थोडं सविस्तर.

वर सगळ्यांनी शेवटचा इ-उ ऱ्हस्व लिहिलाय तो बरोबर आहे. चिचेवात शेवटून दुसरं अक्षर लांबतं, शेवटचं नाही. आपल्या शुद्धलेखनाच्या सवयीने 'मोनी' (नमस्कार) लिहिलं की 'नी' ताणला जातो. 'मो' ताणायचा.

ज़ म्हणजे 'जास्त'मधला ज आणि च़ म्हणजे 'चांगला'मधला च. हे दोन्ही आवाज आपल्या जिभेवर तयारच आहेत. प-फ, क-ख हे भेदही तिथे आहेत. मात्र 'फाला' (पेज) म्हणताना ओठ मिटून खरा फ काढा. 'न्दिकुफूना' (मला हवंय) यातला फ 'ऑफिस'मधला आहे. आजकाल आपण दोन्हीकडे ऑफिसवालाच फ वापरतो, तिथेच गफलत होते.

'पाङोनो' (थोडं) मध्ये 'वाङ्मय'मधला ङ आहे, त्यात ग मिसळू नका. भाषा येते का असं विचारलं तर 'पाङोनो' म्हणा. कुणी भराभर बोलत असेल तर 'लांखुलानि पाङोनोपाङोनो', हळूहळू बोला.

शब्दखुणा
निरोपाची जोडी राहिली. निघणारा म्हणतो 'च़ालानि ब्वीनो' (सुखाने राहा), मागे राहणारा म्हणतो 'पितानि ब्वीनो' (सुखाने जा). नवखे लोक दारातून निघताना यजमानालाच 'पितानि' म्हणतात.

टीपकागद
खूप आभार. 'झिकोमो' आणि 'पेपानि' एवढंच विचारतो. धन्यवाद आणि माफ करा, बरोबर?

मावळतीचा वारा
अर्धं बरोबर. 'झिकोमो' धन्यवादाला आहेच, शिवाय कुणाचं लक्ष वेधायला किंवा समोरून जाऊ द्या म्हणायलाही. 'पेपानि' माफीलाही चालतं आणि सहानुभूतीलाही. तुम्ही ठेचकाळलात आणि रस्त्यातला माणूस 'पेपानि' म्हणाला, तर त्याने चूक कबूल केलेली नाही. 'झिकोमो' म्हणा आणि चालू लागा.

मागताना यादीतला 'चोंदे' (कृपया) जपून वापरा, त्यात अजिजी येते. क्रियापदाला 'नि' आणि 'को' लावलं की नम्रता आली: 'न्दिपाच़ेनीको मादझि' नव्हे, 'न्दिपाच़ेनीको माज़ि', थोडं पाणी द्या. पाणी म्हणजे 'माज़ि', त्यातही 'जास्त'चाच ज. यादीत 'दझ' असं लिहिलेलं असेल तर फोडून वाचू नका. दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्या.

बाजारात 'न्दालामा झिंगाति?' म्हणजे किती पैसे. किंमत बहुधा इंग्रजी आकड्यांत सांगतात, कारण चिचेवात पाचाच्या पुढे 'पाच आणि एक' असं मोजावं लागतं. महाग वाटलं तर 'झादूला'. चलन 'क्वाचा', म्हणजे 'उजाडलं'. मलावीत ते 1971 पासून आहे. त्यातही तोच पूर्णत्वाचा 'आ' आहे.

ओलीसुकी
शाकाहारी असाल तर हेही. जेवण म्हणजे 'न्सीमा' (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि 'न्दीवो', म्हणजे आपलं कोरड्यास. 'सिन्दीद्या न्यामा' (मांस खात नाही) एवढ्यावर थांबू नका. कोंबडी 'न्खूकु', मासे 'न्सोम्बा' आणि अंडी 'माझीरा' वेगवेगळी सांगा. मग 'न्येम्बा' (घेवड्याच्या बिया) किंवा 'मासाम्बा' (पालेभाजी) मागा. शेंगदाण्याचं कूट घालून केलेली हवी असेल तर 'न्दीवो झोतेन्देरा'.