अडीचशे ग्रॅमवरून एक किलोच्या कॉफी रोस्टरवर जायचंय, परदेशातून मागवताना काय बघावं?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. सध्या २५० ग्रॅमचा ड्रम आहे. घरचं, भावकीचं मिळून महिन्याला नऊ किलो हिरवे दाणे भाजायचे म्हणजे छत्तीस घाणे होतात. समोर दोन पर्याय आहेत.

पहिला: अमेरिकेतला वापरलेला, १२० व्होल्ट, १६०० वॅट, एका घाण्यात एक पौंड. स्वस्त आहे.
दुसरा: चीनमधला नवा, २३० व्होल्ट, १८०० वॅट, एक किलो. ह्याचंच गॅसवरचं मॉडेलही मिळतं.

माल चिकमगळूरचा, प्लँटेशन ए (धुतलेल्या अरेबिकाची प्रत) आणि थोडा रोबस्टा चेरी (फळासकट वाळवलेला रोबस्टा). रब्बीत शेतीपंप चालू झाले की घरात व्होल्टेज १९५ वर येतं. मशीन मागच्या पडवीत ठेवायचा विचार आहे.

तापीकाठ
भाऊ, अमेरिकेतला सोडा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी तशीच राहते. तिकडे ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. सिंक्रोनस मोटर (फ्रिक्वेन्सीच्या वेगाने फिरणारी) असेल तर ६० फेऱ्यांचा ड्रम ५० फेऱ्यांवर येतो, पंखाही मंदावतो आणि दाणे ड्रमला जास्त वेळ चिकटून एका बाजूने डागतात. वर १६०० वॅटला १२० व्होल्टवर तेरा अँपिअरच्या पुढे लागतात, म्हणजे तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. स्वस्तातलं मशीन तिथेच महाग झालं.

आता १९५ व्होल्टचं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरते. २३० वर १८०० वॅट देणारा हीटर १९५ वर जेमतेम १३०० वॅट देतो. एक किलोचा घाणा त्यावर भाजला जात नाही, शिजतो. पंधरा-सतरा मिनिटं लागतात आणि कॉफी सपक, पावासारखी लागते. तीन केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र) लावा. घेताना त्याची इनपुट रेंज १७० पासून सुरू होते का ते पाहा, काहींची १९० पासून असते.

वायरिंग स्वतंत्र ओढा: मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांबं, १६ अँपिअरचा एमसीबी आणि १६ अँपिअरचंच सॉकेट. मिक्सरच्या ६ अँपिअर सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवू नका, पिन वितळते.

आणि अर्थिंग. आपली काळी माती एप्रिलपासून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मशीनच्या अंगाला चिमटे बसायला लागतात. खड्ड्यात पाणी सोडत जा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

गिरणाकाठ
मागवण्याबद्दल. ड्युटी फक्त मशीनच्या किमतीवर नसते, किंमत अधिक भाडं अधिक विमा ह्या बेरजेवर लागते. समजा बेरीज १,२५,००० आणि मूळ ड्युटी साडेसात टक्के. ९,३७५ झाले. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ९३८. आता ह्या सगळ्यावर आयजीएसटी, १८ टक्के धरला तर २४,३५६. म्हणजे हातचे ३४,६६९ वेगळे ठेवा. नेमका दर वर्गीकरणावर ठरतो. घरगुती विजेची उपकरणं ८५१६ ह्या कस्टम कोडमध्ये जातात, व्यावसायिक यंत्रं ८४१९ मध्ये. पैसे पाठवायच्या आधी कस्टम एजंटला मशीनचा फोटो आणि माहितीपत्रक दाखवून कोड पक्का करा, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) अट लागते का तेही त्याच वेळी विचारा. विकणारा 'गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो' म्हणाला तर हो म्हणू नका. माल अडकला की न्हावा शेव्याच्या बंदरात रोजचं डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) चढतं.

लाकडी पेटी असेल तर तिच्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा. पेटी उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, ड्रमचा शाफ्ट वाकलेला निघाला तर विमा त्याच फोटोंवर मिळतो.

त्याच पेटीत टाकून घ्यायचे सुटे भाग: एक जादा हीटर, दोन थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर), एक एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले), कंट्रोल बोर्ड. बेअरिंग आणि बेल्ट मागवू नका, नंबर विचारून ठेवा. तो माल जळगावात दुकानात मिळतो.

केळीबाग_रावेर
तापीकाठ भाऊ, पहिला पर्याय बाद. मग गॅसवरचाच घेतला तर व्होल्टेजची कटकटच मिटेल ना?

गिरणाकाठ
निम्मी मिटेल, मोटर आणि पंखा विजेवरच चालणार. गॅसचं मशीन घेताना जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) विचारा. नैसर्गिक वायूचा जेट मोठ्या भोकाचा असतो. तो आपल्या सिलिंडरवर लावला की ज्योत पिवळी होते आणि ड्रमवर काजळी धरते. एलपीजीचा, साधारण ३० मिलिबारचा जेट लेखी मागून घ्या. नळीच्या आट्याही तपासा. अर्ध्या इंचात बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) दोन्ही मापांना इंचाला चौदाच आटे असतात, त्यामुळे सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं, पण कोन वेगळा, आणि गळतं. साबणाचं पाणी लावून बघितल्याशिवाय पेटवायचं नाही. बंद पडवीत तर गॅस नकोच.

भरीत_पार्टी
भट्टीचा हिशेब मी सांगते, कारण मोठ्या ड्रमवर सगळे इथेच चुकतात. २५० ग्रॅमचे आकडे चारने गुणून चालत नाही.

आधी ड्रम मुरवा: हलक्या दाण्याचे ८०० ग्रॅमचे पाच घाणे काळे भाजून फेकून द्या, फॅक्टरीचं तेल त्यात निघतं. रोज पहिल्या घाण्याआधी तीस मिनिटं गरम करा. काटा २०० दाखवतो तेव्हा हवा तापलेली असते, लोखंड नाही. म्हणून पहिला घाणा नेहमी मागे पडतो आणि तिसरा पळतो.

सुरुवात ७०० ग्रॅमने करा. प्लँटेशन ए १९० अंशांना घाला. दीड मिनिटाच्या आत तापमान तळ गाठून वळलं पाहिजे, पाचव्या मिनिटाच्या आसपास दाणा पिवळा, आणि साडेआठ-नऊला दाणे फुटण्याचा पहिला तडतडाट. तिथून दीड-पावणेदोन मिनिटांत उतरवा. तडतडाटाच्या एक मिनिट आधीच आच कमी करायची. त्या क्षणी दाणा स्वतःच उष्णता सोडतो, तेव्हा आच उतरवायला गेलं की उशीर झालेला असतो. वजन घट १४-१५ टक्के आली तर मध्यम भाजणी झाली. ७०० चे ६०० च्या आसपास उरायला हवेत. ६२० भरले तर आतून कच्चं आहे.

जुन्या मशीनची तापमानं नव्याला लावू नका. थर्मोकपल जाड असेल तर काटा खऱ्या तापमानाच्या मागे राहतो. तडतडाट ऐका, तो कोणत्या आकड्याला येतो ते लिहा आणि तो आकडा तुमच्या मशीनचा.

रोबस्टा वेगळा भाजा, मिश्रण नंतर. त्याचा कोंडा (भाजताना सुटणारं साल) जास्त पडतो.

आणि एक आपल्याकडचं: हिरवे दाणे गोणपाटात ठेवले तर मे महिन्याच्या कोरड्या हवेत ११ टक्क्यांचा ओलावा ९ वर येतो. असा दाणा टोकाला जळतो आणि तडतडाटही लवकर येतो. हवाबंद पिशवीत, खालच्या खोलीत ठेवा. वाळलाच असेल तर १९० ऐवजी १८० ला घाला.

भुसावळ_जंक्शन
धुराचं कोणी बोललं नाही. एका किलोचा धूर पडवीत मावत नाही. चार इंची जीआय किंवा ॲल्युमिनियमचं धुराडं घ्या, पीव्हीसी अजिबात नको. काटकोनी वळणं दोनच्या आत ठेवा. तोंड पश्चिमेला करू नका, उन्हाळ्यात वारा धूर परत घरात ढकलतो. तोंडाला बारीक जाळी लावली तर चार दिवसांत कोंड्याने बुजते. कोंड्याचं भांडं दर दोन घाण्यांनी रिकामं करा. आग लागते ती दाण्यांना नाही, धुराड्यात साठलेल्या कोंड्याला लागते.

मे महिन्यात दुपारी भाजू नका. बाहेर ४४ अंश असताना गार करायच्या ताटात दाणा ४४ च्या खाली येणारच नाही. चार मिनिटांत हाताला सोसेल इतका गार झाला पाहिजे, नाहीतर आतून भाजत राहतो. पहाटे पाचला सुरू करा.

वीज गेली तर काय, हे मशीन घेण्याआधी ठरवा. हीटर इन्व्हर्टरवर चालणार नाही, पण ड्रमची मोटर आणि गार करायचा पंखा मिळून दीडशे वॅटच्या आत असतात. त्यांचं सर्किट वेगळं काढून प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर टाका. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते. विकणाऱ्याला विचारा, हीटर आणि मोटरची वायर आत वेगळी आहे का? एकच असेल तर ड्रम हाताने फिरवायला हँडल बसवता येतं का ते विचारा. दोन्ही नसेल तर ते मॉडेल घेऊ नका. २०० अंशांवर ड्रम थांबला तर मिनिटभरात खालचा थर कोळसा होतो.

केळीबाग_रावेर
विचारलं. मोटरची वायर वेगळी आहे म्हणतो, हँडल नाही. वायरिंगचा नकाशा मागवलाय, आला की इथेच टाकतो.

तापीकाठ
टाका. त्यात एसएसआरच्या मागे थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघू. एसएसआर जळतो तेव्हा बरेचदा चालूच राहतो, आणि मग हीटर बंद करायला कटआउटशिवाय कोणी नसतं.