मुलांना सोडायची असते

'या वयातल्या पोरांना सिगारेट सोडायचीच नसते, मग समजावून काय उपयोग?' या मताशी मी अजिबात सहमत नाही. माझा भाचा सोळाव्या वर्षी दोनदा सोडून पुन्हा अडकला. इच्छा भरपूर होती, पण तिसऱ्या दिवशी चिडचिड आणि झोपेचं खोबरं झालं की तो टपरीवर हजर! निकोटिन सुटल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जातो. हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आम्ही फक्त ओरडलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

१३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची 'ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे' ही पाहणी जगभर होते आणि तीत 'सोडायची आहे का, प्रयत्न केला का' हेही विचारतात. भारतातल्या २०१९च्या फेरीत या वयाची ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती.

अमेरिकेने २०१९मध्ये तंबाखू खरेदीचं किमान वय २१ केलं. न्यूझीलंडने २००९पासून जन्मलेल्यांना कायमची विक्रीबंदी करणारा कायदा २०२२मध्ये केला आणि २०२४मध्ये तो रद्दही केला, फार वाईट झालं. आपल्याकडे १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद, शाळेपासून १०० यार्डांत बंद, महाराष्ट्रात २०२०पासून सुटी सिगारेटही बंद. तरी शाळेजवळच्या टपरीवर एकेक मिळतेच.

कुणाच्या घरी असा मुलगा असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आधी शेजारी बसून त्याचं ऐका, मग दोघं मिळून फोन लावा.