बाळाला छातीशी धरायला सांगा

तुमची बहीण पस्तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली, बाळ काचेच्या पेटीत आहे आणि ती सारखी रडतेय, हे वाचून राहवलं नाही. माझंही पहिलंच बाळंतपण. राजारामपुरीत आईकडे भाकरी थापता थापता एकदम पाणी गेलं. ३४ वा आठवडा, बॅगसुद्धा भरली नव्हती. कळा नव्हत्या म्हणून आई म्हणाली, जरा थांबूया. पण पाणी गेलं की थांबायचं नसतं, जंतुसंसर्गाची भीती असते.

लेक १ किलो ९५० ग्रॅमची. कानाची पाळी दुमडली की तशीच राहायची, इतकी कोवळी. ओढायची ताकद नव्हती, दर दोन तासांनी दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचो. पहिल्या दिवशी चीक जेमतेम चमचाभर निघाला. सुरुवातीला थोडाच येतो, घाबरू नका म्हणावं.

मला खरा धीर आला तो कांगारू पद्धतीनं. नुसतं लंगोट-टोपी घालून बाळ उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून सुती साडी बांधायची. पेट्या अपुऱ्या म्हणून १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात डॉक्टरांनी सुरू केलेली ही रीत. तासाभरात तिचे गार तळवे ऊबदार व्हायचे.

घरी आल्यावर शेक-धुरीला मी ठाम नकार दिला, धूर एवढ्याशा फुप्फुसांना सोसत नाही. आत्याबाई रुसल्या, रुसू देत. बारसंही पुढे ढकललं.

बहिणीला आजच सिस्टरना विचारायला सांगा. दाजींनी छातीवर घेतलं तरी चालतं.