घर नाकारायचा हक्क सोसायटीला असावा का?

चाळकरी:
2023 साली मुलुंडच्या एका इमारतीत मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली. व्हिडिओ फिरला, आपण सगळे पेटून उठलो. बरोबरच होतं. पण आमच्या ग्रुपवर निषेध नोंदवणाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःचे फ्लॅट भाड्याने देताना एजंटला बजावलं होतं, "मुसलमान नको." एजंट हे तोंडावर थोडंच सांगतो? आधी पूर्ण नाव विचारतो, मग म्हणतो, "अरेरे साहेब, मालकांनी कालच टोकन घेतलं."

घरी जेवायला कोणाला बोलवायचं ही ज्याची त्याची मर्जी. पण सोसायटी ही नोंदणीकृत संस्था, तिला कसली आवडनिवड? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 23 म्हणतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. 'मटण खातो' हे पुरेसं कारण कधीपासून झालं?

सात्त्विक:
आम्ही जैन. जिन्यात मासळीचा वास आला की आईला खरोखर मळमळतं, ढोंग नाही ते. पैसे आमचे, कर्ज आमचं, मग सारख्या आचाराच्या लोकांनी एकत्र राहिलं तर कोणाचं काय बिघडलं? पारशी बागांचे, म्हणजे फक्त पारशांच्या वसाहतींचे, तुम्ही कौतुकाने फोटो काढता, आम्ही तेच केलं की संकुचित! गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची आहे. मुंबईत सहकारी गृहनिर्माणाला सुरुवातच जातभाईंनी केली, हे सोयीस्करपणे विसरायचं.

कलमबहाद्दर:
चाळकरी, कलम 23 वर फार भिस्त ठेवू नका. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या एका सभासदाला बंगला पाडून फ्लॅट बांधायचे आणि पारशांखेरीज इतरांनाही विकायचे होते. गुजरातच्या कायद्यातही असंच कलम आहे. तरी 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने 'फक्त पारशी' हा उपविधी, म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. पात्र कोण हे उपविधी ठरवणार, आणि संघटना करायचं स्वातंत्र्य संविधानाच्या कलम 19(1)(ग) मध्ये आहेच. बदल हवा तर तो विधिमंडळाने करावा.

बॅचलर (नाइलाजाने):
सर्व धर्मांचं एकमत असलेला मुद्दा राहिला. बॅचलर नको.

चाळकरी:
निकाल माहीत आहे, पटत नाही. तरी पारशांपुरतं मी समजू शकतो. 2011 च्या जनगणनेत देशभरात 57,264 पारशी. त्यांच्या मोजक्या बागांनी कोणाचं शहर बंद होत नाही. पण अख्ख्या उपनगरातली प्रत्येक इमारत 'आमचा खाजगी प्रश्न' म्हणू लागली, तर नाकारलेल्याने जायचं कुठे? 1992-93 च्या दंगलींनंतर ठाण्याजवळचं मुसलमानबहुल मुंब्रा का फुगलं ते विचारा. आणि मग आपणच म्हणणार, "ते लोक वेगळेच राहतात."

न्यू जर्सीकर:
अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात यावर एक गमतीशीर तोडगा आहे. चार घरांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर त्याला बऱ्याच अंशी सूट, पण जाहिरातीत 'अमुक नको' लिहायचं नाही. म्हणजे मनात ठेवा, पाटी लावू नका. (आपली मंडळी इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ओन्ली देसी' बिनधास्त टाकतात, तो भाग निराळा.)

आडनाव:
तुमचं सगळं मटणावर चाललंय. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तीत घर घेण्यापासून अडवणं गुन्हा आहे. त्यामुळे जात कोणी काढत नाही. "व्हेज ना तुम्ही?" एवढंच विचारतात. मी अंडंही खात नाही, तसं सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला: "आडनाव काय म्हणालात?" न्यू जर्सीकर, तुमचा पाटी न लावण्याचा तोडगा आमच्याकडे कधीपासून चालू आहे, घर मात्र मिळत नाही.

सात्त्विक:
आडनाव विचारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण उद्या आम्ही आमच्याच इमारतीत अल्पमतात गेलो आणि सभेत ठराव झाला की दर रविवारी गच्चीवर मटणाची पार्टी, तर ही सर्वसमावेशक मंडळी माझ्या आईच्या बाजूने हात वर करतील?

चाळकरी:
मी करीन, लेखी देतो. आता तुम्ही सांगा, 'आडनाव' अंडंही खात नाहीत. तुमच्या इमारतीत त्यांना सभासदत्वाचा फॉर्म मिळेल का?